दावा हरल्यावर पहिले तीस दिवस: अपील दाखल करायची वाट

निकाल लागला की पक्षकाराचा पहिला प्रश्न असतो, "साहेब, वर जाता येईल का?" दुसरा, "खर्च किती?" तिसरा प्रश्न, "कधीपर्यंत?", हा बहुतेक वेळा तीन आठवड्यांनी फोनवर येतो. तोवर पक्षकार गावाकडे जाऊन आलेला असतो, चार जाणत्यांना विचारून झालेलं असतं, आणि मुदतीतले वीसेक दिवस उडालेले असतात. हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. पहिल्या दोघांची उत्तरंही ओघात येतील.

इथे मी महाराष्ट्रातल्या दिवाणी दाव्यांबद्दल लिहितोय: वाटप, बांधाचा वाद, रस्ता अडवला, खरेदीखत रद्द करा, मनाई हुकूम द्या, उसने पैसे परत द्या, असे. फौजदारी अपिलाची वाट वेगळी. सातबारावरच्या नोंदीचा, फेरफाराचा वाद असेल तर तीही वेगळी. तो महसूल खात्याचा मामला. तहसीलदाराच्या आदेशावर प्रांताकडे जायचं, आणि जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर साधारणपणे ६० दिवसांची मुदत. हे सांगायचं कारण असं की फेरफाराचा निकाल घेऊन लोक जिल्हा कोर्टात येतात, आणि दिवाणी हुकूमनामा (निकालाप्रमाणे कोणाला काय मिळालं ते सांगणारा कोर्टाचा औपचारिक आदेश) घेऊन प्रांताच्या दारात बसतात. दोन्हीकडे दिवस वाया जातात.

आधी हातातला कागद ओळखा

तुमच्याविरुद्ध नेमकं काय झालंय, त्यावर दार ठरतं. पुरावा, युक्तिवाद होऊन दावा निकाली निघाला आणि हुकूमनामा झाला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली पहिलं अपील. हा तुमचा हक्क आहे. कोणाची परवानगी लागत नाही, आणि अपिलाचं कोर्ट पुरावा नव्याने तपासून पाहू शकतं.

दावा अजून चालू आहे, पण निशाणी ५ चा अर्ज (निशाणी म्हणजे कोर्टाच्या फाइलीत कागदाला पडलेला नंबर), म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, मंजूर किंवा नामंजूर झाला, तर त्यावर संहितेतल्या ऑर्डर ४३ (ऑर्डर म्हणजे नियमांचा गट) खाली किरकोळ दिवाणी अपील होतं. दुरुस्ती अर्ज फेटाळला, साक्षीदार बोलवू दिला नाही, अशा मधल्या आदेशांवर बहुधा अपील नसतंच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

तडजोडीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. लोकअदालतीतल्या निवाड्यावरही नाही. "मला वाचून दाखवलं नाही, सही घेतली" असं सांगत लोक येतात. ते खरं असलं तरी त्याची वाट अपिलाची नाही. सही करण्याआधी वाचून घ्यायचं, एवढंच.

एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, म्हणजे तुम्ही हजरच नव्हता, तर दोन दारं उघडी असतात. त्याच कोर्टात ऑर्डर ९ नियम १३ चा अर्ज, किंवा अपील. समन्स मिळालंच नव्हतं हे दाखवता येत असेल तर मी पहिलं दार सुचवतो, कारण तिथे तुमची बाजू मांडायची पूर्ण संधी परत मिळू शकते. पण मनात एक धरून ठेवा: अपील करून ते फेटाळलं गेलं, तर नियम १३ चा अर्ज पुढे चालत नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवताना हे पाहा.

पुनर्विलोकन, ज्याला सगळे रिव्ह्यू म्हणतात, ते अपील नव्हे. ते त्याच न्यायाधीशांपुढे, ३० दिवसांत, आणि फक्त कागदावर ढळढळीत दिसणारी चूक किंवा पूर्वी कितीही शोधून न मिळालेला पुरावा अशा मोजक्या कारणांवर. "साहेबांनी पुन्हा विचार करावा" म्हणून रिव्ह्यू करणं म्हणजे अपिलाची मुदत हाताने घालवणं.

कुठल्या कोर्टात?

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात. वरिष्ठ स्तराच्या निकालावर दाव्याच्या मूल्यांकनानुसार जिल्हा न्यायालयात किंवा थेट उच्च न्यायालयात. ही रकमेची मर्यादा आधी वाढवली गेली आहे, म्हणून कोणाच्या आठवणीवर विसंबू नका. दिवाणी न्यायालयांच्या कायद्यातलं कलम २६ आज काय म्हणतं ते वकिलाकडून पाहून घ्या. जिल्हा न्यायालय म्हटलं की जिल्ह्याचंच गाव गाठावं लागेल असंही नाही. बारामती, मालेगाव अशा ठिकाणी अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश बसतात. मुंबई शहर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरचं पहिलं अपील उच्च न्यायालयात जातं.

चुकीच्या कोर्टात अपील दाखल झालं आणि ते सद्हेतूने, नीट पाठपुरावा करून चालवलं असेल, तर तो काळ मुदतीच्या हिशेबात पदरात पडू शकतो. पण त्यासाठी वेगळं भांडावं लागतं. ते टाळलेलं बरं.

नक्कल: पहिल्या दिवसाचं काम

मुदतीचा कायदा, १९६३ सांगतो: जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. हे दिवस निकालाच्या तारखेपासून मोजतात. तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही, वकिलांनी फोन केला त्या दिवसापासून नाही, हुकूमनाम्याचा कागद टाइप झाला त्या दिवसापासूनही नाही.

यात दोन सवलती आहेत. निकालाचा दिवस मोजायचा नाही. आणि निकालपत्राची, हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मिळवायला लागलेला काळ वजा होतो. ही दुसरी सवलत कशी चालते ते आकड्यांत पाहू.

समजा ३ मार्चला निकाल लागला. नक्कल मागितलीच नाही, तर ४ मार्च हा पहिला दिवस आणि २ एप्रिल हा शेवटचा.

आता समजा १० मार्चला नक्कल अर्ज दिला आणि २४ मार्चला नक्कल तयार झाली. ४ ते ९ मार्च हे ६ दिवस खर्ची पडले. १० ते २४ मार्च हे १५ दिवस वजा. उरले २४ दिवस, ते २५ मार्चपासून पुढे धावतात आणि १७ एप्रिलला संपतात.

तिसरा पक्षकार ३१ मार्चला जागा झाला. ४ ते ३० मार्च, २७ दिवस गेले. नक्कल १५ एप्रिलला तयार झाली. याचा शेवटचा दिवस १८ एप्रिल. दुसऱ्यापेक्षा एक दिवस उशिराच! पण नक्कल हातात आल्यावर दुसऱ्याला विचार करायला, वकील ठरवायला, मसुदा लिहायला २४ दिवस मिळाले, आणि याला ३. घाईघाईत लिहिलेलं अपील कसं दिसतं ते पुढे येईलच.

आणि ज्याने नक्कल अर्जच २ एप्रिल उलटल्यावर दिला, त्याला या वजावटीचा काहीही उपयोग नाही.

आणखी दोन फटी आहेत. नक्कल तयार झाल्याचा दिवस धरतात, तुम्ही ती नेल्याचा नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एका पक्षकाराची नक्कल नक्कल विभागाच्या कपाटात ११ दिवस तयार होऊन पडली होती, तो रोज गावाहून फोन करून "झाली का?" विचारत होता आणि विचारत होता मलाच. मी कारकुनावर विसंबलो, कारकून पक्षकारावर. ते ११ दिवस आमच्याच खात्यात मोजले गेले. तेव्हापासून मी नक्कल अर्जाचा नंबर पक्षकाराला वहीत लिहून देतो. दुसरी फट अशी: नकलेच्या फीचा फरक भरायला सांगितला आणि तुम्ही आठवडाभर भरला नाही, तर तो आठवडाही तुमचाच.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून निकालपत्र उतरवून घेता येतं. ते जरूर घ्या, त्याच संध्याकाळी वाचायला घ्या, पण तो कागद प्रमाणित नक्कल नव्हे. त्याने मुदत थांबत नाही. प्रमाणित नकलेच्या मागे अर्ज दिल्याची, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची तारीख असलेला शिक्का असतो. अपिलाच्या कार्यालयात सगळ्यात आधी तोच शिक्का पाहतात.

हुकूमनामा तयार झाला नाही म्हणून थांबलोय, असं पुष्कळ लोक सांगतात. थांबू नका. संहितेप्रमाणे तो निकालानंतर १५ दिवसांत तयार व्हायला हवा, आणि झाला नसला तरी निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल करता येतं. एक बारकावा लक्षात ठेवा: नकलेचा अर्ज देण्याआधी कोर्टाने हुकूमनामा तयार करायला घेतलेला वेळ वजा होत नाही. म्हणून "आधी हुकूमनामा होऊ दे, मग अर्ज देतो" हा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या.

शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येतं. मे महिन्याच्या सुट्टीच्या भरवशावर हे गणित बसवणारे लोक आहेत. मी बसवत नाही.

मुदत गेलीच असेल तर

दरवाजा लगेच बंद होत नाही. मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलाच्या मेमोबरोबरच, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जाबरोबरच द्यायचा, सोबत प्रतिज्ञापत्र आणि कारणाचे पुरावे: दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, जे असेल ते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या कातीजी खटल्यात सांगितलं की दर दिवसाच्या विलंबाचा खुलासा हवा याचा अर्थ अतिरेकाने लावू नये. तसं असेल तर मग दर तासाचा, दर सेकंदाचा खुलासा का नको? हा निकाल विलंब माफीच्या जवळपास प्रत्येक अर्जात उद्धृत होतो. इतका की नुसत्या उद्धरणाने आता कोणाचं मन द्रवत नाही. कारण खरं, तारखांसकट, आणि एकच लिहा. आजारपण, अज्ञान, गरिबी, लग्नकार्य असं सगळं एका अर्जात कोंबलं की एकावरही विश्वास बसत नाही.

विलंबाची खरी किंमत मात्र वेगळीच आहे, आणि ती सहसा कोणी आधी सांगत नाही. अपील उशिरा दाखल झालं, तर ते ऐकायचं असं कोर्टाने ठरवेपर्यंत हुकूमनाम्याला स्थगिती देता येत नाही. संहितेतच तसं लिहिलंय, ऑर्डर ४१ नियम ३अ मध्ये. म्हणजे विलंब माफीचा अर्ज सहा महिने चालला तर त्या सहा महिन्यांत समोरचा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून ताबा घेऊ शकतो.

अपिलाचा मेमो

वकील तुमच्या वतीने लिहितील, पण तुम्ही वाचल्याशिवाय सही करू नका. मेमोत सुरुवातीला कोर्टाचं नाव, पक्षकारांची नावं, वय, धंदा, पूर्ण पत्ते, मग खालच्या कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, निकालाची तारीख, मग अपिलाची कारणं, मुदतीचा हिशेब, मूल्यांकन आणि कोर्ट फी, आणि शेवटी मागणी.

पक्षकारांच्या नावांवर आधी थांबा. दाव्यात असलेला प्रत्येक जण अपिलात कुठे ना कुठे यायला हवा. वाटपाच्या दाव्यात सासरी गेलेल्या बहिणी औपचारिक प्रतिवादी असतात, त्यांनी कैफियतही (दाव्याला लेखी उत्तर) दिलेली नसते, म्हणून अपिलातून त्यांची नावं गाळली जातात. नंतर समोरचा वकील उठून म्हणतो, "आवश्यक पक्षकार नाहीत." आणि त्याचं बरोबर असतं.

कारणं कशी लिहावीत याबद्दल संहिता फार नेमकी आहे: थोडक्यात, वेगवेगळ्या क्रमांकांखाली, युक्तिवाद आणि कथा न घालता. प्रत्यक्षात काय येतं? "विद्वान न्यायाधीशांनी पुराव्याचा योग्य विचार केला नाही", "निकाल कायद्याच्या विरुद्ध आहे", "निकाल नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे". हे तीन वाक्य कुठल्याही अपिलाला चिकटवता येतात, म्हणून कुठल्याच अपिलाच्या कामाचे नसतात.

एक घरगुती पद्धत सांगतो. निकालपत्राची छायाप्रत घ्या. त्यात न्यायाधीशांनी काढलेले मुद्दे आणि त्यांपुढे "होय", "नाही", "शाबीत नाही" अशी उत्तरं एका तक्त्यात असतात. तुमच्याविरुद्ध गेलेल्या प्रत्येक उत्तरासमोर पेन्सिलने लिहा: यावर कुठली निशाणी होती, कोणत्या साक्षीदाराने उलटतपासणीत काय कबूल केलं, आणि न्यायाधीशांनी त्याबद्दल कुठल्या परिच्छेदात काय म्हटलं किंवा काहीच म्हटलं नाही. ही पानं घेऊन वकिलाकडे जा. "निशाणी ४२ हा मोजणी नकाशा शाबीत असताना त्याचा निकालपत्रात उल्लेखच नाही" हे कारण झालं. "अन्याय झाला" हे कारण नाही, ती भावना आहे. ती खरी असेल, पण तिला निशाणी क्रमांक नसतो.

मेमोत न घेतलेलं कारण पुढे कोर्टाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही. तीन दिवसांत लिहिलेल्या अपिलाचा तोटा हाच.

मेमोबरोबर निकालपत्राची प्रमाणित नक्कल, हुकूमनामा झाला असेल तर त्याची, नवं वकीलपत्र (खालच्या कोर्टातलं इथे चालत नाही), पत्त्याचं टिपण, स्थगिती अर्ज आणि त्याचं प्रतिज्ञापत्र, आणि जितके उत्तरवादी (अपिलातले समोरचे पक्षकार) तितक्या प्रती. दावापत्र, कैफियत, साक्षी यांच्या साध्या प्रती जोडल्याच पाहिजेत असं नाही, पण स्थगितीच्या पहिल्या सुनावणीला खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आलेलं नसतं. न्यायाधीशांसमोर काहीतरी ठेवायला लागतं. मी दावापत्र, कैफियत आणि महत्त्वाच्या दोन-चार निशाण्या जोडतोच.

कोर्ट फी आणि खर्च

कोर्ट फी महाराष्ट्र न्यायालय फी कायदा, १९५९ प्रमाणे लागते. अपिलाचं मूल्यांकन बहुधा दाव्याइतकंच असतं. हुकूमनाम्याच्या एका भागापुरतंच अपील असेल तर तेवढ्या भागाचं. फी कमी पडली म्हणून अपील लगेच बाद होत नाही. कोर्ट कलम १४९ खाली फरक भरायला वेळ देऊ शकतं, तेव्हा पैशांची जुळवाजुळव व्हायची म्हणून मुदत घालवू नका. महिलांना काही प्रकारच्या वादांत कोर्ट फी माफ करणारी शासनाची १९९४ ची अधिसूचना आहे. तुमच्या वादाला ती लागू होते का हे फी भरण्याआधी विचारा, नंतर नाही.

वकिलाचीच ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. मदत क्रमांक १५१००. आपल्याकडे यात उगाच लाज वाटते. वाटून घेऊ नका.

खिडकीवर

अपील ई-फायलिंगने दाखल होतं आणि कागदही द्यावे लागतात. तुमच्या कोर्टात दोन्हींचा क्रम काय आहे ते वकिलांचे कारकून नेमकं सांगतात. या कामात त्यांच्यापेक्षा जाणकार माणूस नाही. कार्यालय कागद तपासतं आणि त्रुटी काढतं: पान क्रमांक नाहीत, अंधूक छायाप्रत, प्रतिज्ञापत्रावर ओळख देणाऱ्याची सही नाही, फी कमी. याला सगळे ऑब्जेक्शन म्हणतात. ऑब्जेक्शन निघालं म्हणजे अपील फेटाळलं असं नव्हे, घाबरू नका. पण दिलेल्या वेळेत ते दूर केलं नाही तर अपील नोंदणीविना पडून राहतं, आणि पक्षकाराला वाटत राहतं की आपलं अपील चालू आहे.

नोंदणी झाली की अपिलाला नंबर पडतो आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो मोबाइलमध्ये ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. वकिलाला दर आठवड्याला फोन करण्यापेक्षा हे दोघांच्याही तब्येतीला बरं.

स्थगिती: अपील केलं म्हणजे हुकूमनामा थांबला, असं नाही

नव्या पक्षकाराची सगळ्यात मोठी गैरसमजूत हीच. अपील दाखल झाल्याने काहीही थांबत नाही. समोरचा दरखास्त दाखल करू शकतो, बेलिफ ताबा वॉरंट घेऊन दारात येऊ शकतो. थांबवायचं असेल तर ऑर्डर ४१ नियम ५ खाली वेगळा अर्ज करून वेगळा आदेश मिळवावा लागतो.

त्या अर्जात तीन गोष्टी दाखवायच्या: स्थगिती नाही मिळाली तर मोठं नुकसान होईल, अर्ज विनाविलंब केला आहे, आणि हुकूमनामा पुढे कायम राहिला तर त्याची पूर्तता होईल अशी हमी द्यायला तयार आहात. पैशाचा हुकूमनामा असेल तर कोर्ट रक्कम जमा करायला किंवा जामीन द्यायला सांगतं. त्याची तयारी आधीच करा. रक्कम भरायला चार आठवडे मिळाले आणि भरली नाही, तर स्थगिती गळून पडते.

अपिलाची तयारी व्हायच्या आतच ताबा जायची भीती असेल तर? ज्या कोर्टाने निकाल दिला, त्याच कोर्टाला अपिलाची मुदत संपेपर्यंत अंमलबजावणी थांबवता येते. म्हणून निकाल वाचला जात असतानाच तुमच्या वकिलांनी उभं राहून तोंडी विनंती करून लगेच अर्ज द्यायचा. मी हे करतो तेव्हा समोरचे वकील कपाळाला आठ्या घालतात. घालू देत.

जमिनीचा वाद असेल तर आणखी एक काम. अपील प्रलंबित असताना समोरच्याने तिसऱ्याला जमीन विकली तरी घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक राहावा म्हणून प्रलंबित वादाची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवा. लोक तिला लिस पेंडन्स म्हणतात. स्थगिती मिळाली तरी ती नोंदवा.

जे जिंकले आहेत त्यांनी हे उलट्या बाजूने वाचावं. तुमचं काम कॅव्हेट, कलम १४८अ खाली. ते अपिलाच्या कोर्टात दाखल केलं की ९० दिवस तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगितीचा आदेश सहसा होत नाही. ९० दिवस झाले की पुन्हा दाखल करायचं. फार स्वस्तातलं संरक्षण आहे.

नोटीस निघाल्यावर

उत्तरवादीला नोटीस काढायची प्रोसेस फी तुम्ही भरायची असते. ही छोटी रक्कम न भरल्याने अपिलं नोटीसअभावी वर्षानुवर्षं लोळतात, आणि शेवटी पाठपुराव्याअभावी निकाली निघतात. पत्ता पिनकोडसकट बरोबर द्या. मग खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवलं जातं.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला एक महिन्यात उलट हरकती दाखल करता येतात. म्हणजे निकालाचा जो भाग त्याच्या विरुद्ध गेला होता, त्यावर तोही आता भांडू शकतो. चार गुंठ्यांसाठी अपील केलं आणि मिळालेले दहा गुंठे धोक्यात आले, असं होऊ शकतं. अपील करायचं की नाही हे ठरवताना हे डोक्यात असू द्या.

"आता नवा कागद सापडलाय, तो दाखवू" असं प्रत्येकाला वाटतं. अपिलात नवा पुरावा हक्काने देता येत नाही. खालच्या कोर्टाने तो चुकीने नाकारला होता, किंवा पुरेशी काळजी घेऊनही तेव्हा मिळाला नव्हता, किंवा अपिलाच्या कोर्टालाच निर्णयासाठी त्याची गरज वाटते, एवढीच दारं. कपाटात होता पण वकिलांना द्यायचा राहिला, हे त्यात बसत नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्यांचा विषय. वाटपाची अपिलं लांबतात, त्यात पक्षकार वारतात. कोणताही पक्षकार वारला तर ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणायला हवेत, नाहीतर त्याच्यापुरतं अपील गळतं, आणि वाद एकमेकांत गुंतलेला असेल तर सगळंच. भावकीशी बोलणं बंद असलं तरी समोरच्या घरी कोण गेलं याची बातमी ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला कळवा. तेराव्याच्या पत्रिकेवर वारसांची नावं असतात, तीही जपून ठेवा. मला ती अनेकदा उपयोगी पडली आहे.

जिल्हा न्यायालयातही हरलात तर

दुसरं अपील उच्च न्यायालयात, कलम १०० खाली, ९० दिवसांत. इथे खेळ बदलतो. साक्षीदार खरं बोलला की खोटं, बांध कुठे होता, हे उच्च न्यायालय साधारणपणे पुन्हा पाहत नाही. कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच अपील दाखल करून घेतलं जातं, आणि तो प्रश्न मेमोत नेमका मांडावा लागतो. खालच्या दोन्ही कोर्टांनी महत्त्वाचा पुरावा पूर्ण दुर्लक्षिला, दस्ताचा अर्थ कायद्याला सोडून लावला, अशी कारणं चालू शकतात. "दोघांचंही चुकलं" एवढं पुरत नाही. पैशाच्या वसुलीचा दावा ₹२५,००० पर्यंतचा असेल तर दुसरं अपील मुळीच नाही.

उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, तालुक्याचं निकालपत्र, दावापत्र, साक्षी मराठीत असतात. सगळ्याचं भाषांतर करून जोडावं लागतं. हा खर्च आणि वेळ लोक धरतच नाहीत. ९० दिवस भरपूर वाटतात, पण त्यातले बरेचसे भाषांतरकाराकडे जातात. ते स्वतः वाचून पाहा; गट नंबर आणि दिशांच्या चुका भाषांतरात हमखास होतात, आणि पूर्वेचं पश्चिम झालं की पुढे कोणालाच कळत नाही.

कुठल्या ठिकाणी जायचं ते जिल्ह्यावर ठरतं. विदर्भाचं नागपूर खंडपीठाकडे. मराठवाडा, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार यांचं छत्रपती संभाजीनगरला. गोव्याचं पर्वरीला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे सावंतवाडीच्या पक्षकाराला मुंबईची रात्रीची गाडी पकडायची गरज उरली नाही. नाशिक, पुणे, ठाणे, रायगड मुंबईकडेच.

जिल्हा न्यायालयात तुमची फाइल नंबर पडेपर्यंत ऑब्जेक्शनच्या टेबलावर असते, उच्च न्यायालयात ती तात्पुरत्या स्टॅम्प नंबरवर असते. ऑब्जेक्शन दूर होऊन कायम नंबर पडला का, हे वकिलांना महिन्याभरात विचारा. आणि जुन्या वकिलांकडून मूळ फाइल घ्यायची असेल तर त्यांची राहिलेली फी देऊन, ना-हरकत घेऊन, कागदांची यादी करून, दोघांच्या सह्यांनी घ्या. उच्च न्यायालयातले वकील पहिल्या भेटीत त्याच यादीवरून विचारायला सुरुवात करतात.